जुना हीरो, नवा नकाशा

रोल-प्लेइंग गेमचं एक्सपान्शन जाम कठीण असलं, चक्क गेमची जातच बदलणारं असलं, तर गेम सुधारतो की बिघडतो? लॅमिंग्टन रोड ते दादर… एक पायपीट, एक पैज आणि एक अडलेली सही!

शुक्रवारची रात्र. ऑफिसमधून सुटून, ट्रेनमध्ये उभ्या उभ्या डुलक्या काढत तुम्ही साडेअकराला घरी पोचता. भात गरम करायचाही कंटाळा आलेला असतो, पण लॅपटॉप मात्र लगेच उघडता. कारण आत तुमचा हीरो वाट बघत असतो. गेले सहा महिने रोज तास-दीड तास घालून तुम्ही त्याला वाढवलंय. तलवार मिळवलीय, चिलखत मिळवलंय, भलेभले राक्षस लोळवलेत. मग त्याच गेमचा नवा भाग येतो. तुम्ही हौसेने विकत घेता, आत शिरता… आणि पहिल्याच वळणावर कुणी फुटकळ शिपाई तुमच्या महापराक्रमी हीरोला दोन फटक्यांत आडवा करतो!

माझ्या मावसभावाचं, म्हणजे आमच्या दादाचं, हेच झालं. ‘एल्डन रिंग’ २०२२ मध्ये आला तेव्हा दादाने त्यात १६० तास घातले. ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ हे त्याचं एक्सपान्शन जून २०२४ मध्ये आलं. दादा चार रात्री खेळला, पाचव्या रात्री त्याने कंट्रोलर ड्रॉवरमध्ये टाकला आणि आजतागायत बाहेर काढलेला नाही. “चांगल्या गेमची वाट लावली,” हे त्याचं मत. “आजवरचं बेस्ट एक्सपान्शन,” हे माझं. यावरून आम्ही दिवाळीत भांडलो, संक्रांतीला भांडलो, एका साखरपुड्यातही भांडलो. शेवटी मार्चमधल्या एका शनिवारी ठरलं. लॅमिंग्टन रोडपासून दादरपर्यंत जायचं, वाटेत काय तो सोक्षमोक्ष लावायचा आणि जो हरेल त्याने ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडे आणि पियुष द्यायचं.

सीडीच्या रस्त्यावर

पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलंय, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं. दादाचा पहिला कॉम्प्युटर इथूनच सुटे भाग घेऊन जोडलेला, २००१ मध्ये. पैसे मावशीच्या भिशीचे. तो तेव्हा १४ वर्षांचा, मी ८ वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत मी गिरगावातून लालबागला मावशीकडे राहायला जायचे आणि ट्रंकेवर ठेवलेल्या त्या मॉनिटरसमोर दादाच्या मागे बसून ‘डायब्लो २’ बघायचे. “ते भूत मारून झालं असेल तर पानावर बसा,” असं मावशी ओरडली की खेळ संपायचा.

ज्यांना या जगाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रोल-प्लेइंग गेममध्ये तुम्ही एक पात्र घेता आणि त्याला वाढवता. अनुभव जमला की लेव्हल वाढते, तुम्ही घेतलेल्या निर्णयांवर पुढची गोष्ट ठरते. एक्सपान्शन म्हणजे त्याच गेमला नंतर जोडलेला मोठा भाग. बहुतेक वेळा मूळ गेम असल्याशिवाय तो चालत नाही.

‘डायब्लो २’चं ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ २००१ मध्ये आलं. एक नवा अंक, असॅसिन आणि ड्रुइड असे दोन नवे हीरो, सामान ठेवायला मोठी पेटी. गेमची जात मात्र तीच. असं एक्सपान्शन म्हणजे पंगतीत आणखी एकदा फिरलेली जिलेबी. त्यावर कोण कशाला भांडेल? भांडण सुरू होतं ते जिलेबीऐवजी पानात अचानक कारल्याची भाजी पडते तेव्हा.

भुकेचा गेम

ऑपेरा हाउसवरून गिरगाव चर्चकडे आलो, खोताच्या वाडीत एक चक्कर मारली. लाकडी जिने, व्हरांडे, मांजरी, आणि त्यांच्या डोक्यावर मागून डोकावणारे टॉवर. मग फणसवाडीतल्या ‘विनय’मध्ये मिसळ मागवली आणि मी माझा पहिला साक्षीदार काढला.

‘नेव्हरविंटर नाइट्स २’ हा २००६ चा गेम. त्याचं ‘मास्क ऑफ द बिट्रेयर’ हे एक्सपान्शन २००७ मध्ये आलं. मूळ गेम म्हणजे आपला नेहमीचा मसाला. सवंगडी जमवा, गड सांभाळा, महाखलनायकाला मारा. एक्सपान्शनमध्ये तुमच्याच हीरोला एक शाप लागतो. त्याला आत्म्यांची भूक लागते. आत्मे गिळले नाहीत तर तो खंगत जातो, गिळत राहिला तर हाव वाढत जाते. आणि खरी मेख पुढे आहे. अशा गेममध्ये प्रत्येक मारामारीनंतर निवांत झोप काढून ताजंतवानं व्हायची खेळाडूंना सवय असते. इथे झोपलं की वेळ जातो आणि वेळ गेला की भूक वाढते. म्हणजे सवयच मोडीत!

“मी त्या भुकेच्या मीटरला किती शिव्या घातल्या होत्या, आठवतंय?” दादा पाव मोडत म्हणाला.

“आणि तरी दोनदा पूर्ण केलास.”

“कारण गोष्टच त्या भुकेची होती गं. मीटर काढला तर उरतं काय? शिवाय हीरो माझा होता. मूळ गेममध्ये मीच वाढवलेला.”

एक पॉइंट माझा. पण दादाने लगेच परतफेड केली. त्याच गेमचं २००८ चं ‘स्टॉर्म ऑफ झेहिर’! त्यातही जात बदलली होती. मोठ्या नकाशावर फिरा, व्यापार करा, माल पोचवा, चार जणांची टोळी स्वतः घडवा. कल्पना झकास. काही लोकांना ते जाम आवडलंही. पण जुना हीरो बाहेरच राहिला आणि सगळं नव्याने सुरू. “शेजारच्या घरात पाहुणा म्हणून गेल्यासारखं वाटलं,” दादा म्हणाला. हा पॉइंट त्याचा.

बाहेर पडून आम्ही केशवजी नाईक चाळीत डोकावलो. मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव इथे १८९३ मध्ये सुरू झाला. माझ्या डोक्यात तेव्हा एक्सपान्शनच घुमत होतं, त्यामुळे मला तो प्रकारही तसाच वाटला. घरातली पूजा चौकात आली, भाषणं आली, मेळे आले. जात पार बदलली. पण देव्हाऱ्यातला गणपती कुणी उचलून नेला नाही. ज्याला घरी दीड दिवसाचा बसवायचाय तो आजही बसवतोच.

जमिनीखालून

गिरगाव सोडून आम्हाला १५ वर्षं झाली. आता आम्ही डोंबिवलीकर. ठाकूरद्वारला बेस्टची वाट बघत उभं राहायची सवय, आणि आता चक्क गिरगाव स्टेशन! ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि गिरगाव नकाशावर नव्याने उगवलं. या मेट्रोसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पडल्या, हेही तितकंच खरं. सरकत्या जिन्याने खाली उतरताना दादा वर बघून म्हणाला, “आपण लपाछपी खेळायचो त्याच्या पोटात आलो की!”

गाडीत बसायला जागा मिळाली. (हो, गिरगावात!) विषय निघाला ‘सायबरपंक २०७७’चा. डिसेंबर २०२० मध्ये हा गेम इतका मोडकातोडका आला, की सोनीने तो काही महिने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याचं ‘फँटम लिबर्टी’ आलं आणि भविष्यातल्या गुंडांच्या गोष्टीची एकदम हेरकथा झाली. सोबत आलेल्या मोफत अपडेटने मूळ गेममधली कौशल्यं आणि पोलिसांची वागणूकही नव्याने बांधली. एक्सपान्शन न घेणाऱ्यांनाही ते मिळालं.

“त्या यंत्राचं बोल,” दादा म्हणाला.

(ज्यांना अजून खेळायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढच्यावर जा!) गोष्टीच्या शेवटी शेवटी तुम्ही एक विशिष्ट निर्णय घेतलात, तर तुम्ही एका भूमिगत तळघरात अडकता. तिथे एक यंत्रमानव फिरत असतो. त्याला मारता येत नाही. गोळ्या चालत नाहीत, तलवार चालत नाही. नुसतं लपायचं, दबकत पुढे सरकायचं. हेरकथेची एकदम भयकथा!

“साठ तास मला सुपरमॅन बनवलं आणि मग टेबलाखाली लपायला लावलं. ही फसवणूक नाही?”

“घाम फुटला होता ना?”

“फुटला होता.”

“मग! ज्याला सगळं शहर घाबरतं, त्याला घाबरवायचं तर त्याची शस्त्रंच काढून घ्यायला हवीत. आणि तो पट्टा तासाभरात संपतो. शिवाय दुसरा निर्णय घेतला असतास तर तिथे गेलाच नसतास.”

दादा गप्प. माझ्या खात्यात आणखी एक.

ऑफिसच्या दारात

वरळी नाक्याजवळच्या आचार्य अत्रे चौक स्टेशनवर वर आलो आणि गणपतराव कदम मार्गाने लोअर परळकडे चालायला लागलो. हा माझा रोजचा इलाका. इथल्या प्रत्येक कॉफीच्या दुकानाचं वाय-फाय मला ओळखतं. इथे मी मुख्य मुद्दा काढला. अर्डट्री!

या एक्सपान्शनमध्ये शिरण्यासाठी मूळ गेममधले राडान आणि मोग हे दोन दांडगे बॉस आधी मारलेले असावे लागतात. आत गेल्यावर कळतं, की बाहेर कमावलेली लेव्हल इथे पुरत नाही. नव्या प्रदेशात विखुरलेले झाडाचे तुकडे शोधायचे, त्यांच्याने अंगात बळ येतं, आणि ते बळही त्या प्रदेशापुरतंच. पहिल्या दिवसांत खेळाडू इतके भडकले, की स्टीमवरचे रिव्ह्यू ‘मिक्स्ड’वर घसरले. कठीणपणाची तक्रार होतीच, पीसीवर गेम अडखळतो हीसुद्धा होती. कंपनीने जूनच्या अखेरीलाच अपडेट काढून सुरुवातीच्या तुकड्यांचं बळ वाढवलं. समीक्षक मात्र पहिल्यापासून खूश. २०२४ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं, एक्सपान्शन असूनसुद्धा.

“तू किती तुकडे गोळा केले होतेस?” मी विचारलं.

“दोन.”

“दोन?! दादा, अरे ते गोळा करणं हाच तर गेम आहे! तू सरळ बॉसच्या दारात जाऊन डोकं आपटत बसलास. नियम बदललाय हे गेमने सांगितलं होतं. नवीन शिकायचं नाही आणि वर गेम वाईट म्हणायचं…”

मी जिंकले होते. एव्हाना आम्ही माझ्या ऑफिसच्या कंपाउंडपाशी आलो होतो. दादा थांबला. आत काचेच्या इमारती, पार्किंगची रांग, गळ्यात आयकार्ड अडकवलेली माणसं.

“बाबांनाही हेच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “नवीन काहीतरी शिका.”

काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, गिरणीत लूमवर होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, असं जुने लोक अजून म्हणतात. काकांना पुन्हा गिरणीत घेतलं नाही. दोन-तीन वर्षं मिळेल ते काम केल्यावर ते दादरच्या मार्केटात भाजीच्या टेम्पोंचा हिशेब लिहायला लागले आणि रिटायर होईपर्यंत तेच केलं. गिरण्यांच्या जमिनींचं पुढे काय झालं ते आपण रोज बघतो. १९९१ च्या नियमात जमिनीचे तीन वाटे होते, शहराच्या मोकळ्या जागेला एक, म्हाडाच्या घरांना एक आणि मालकाला एक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आली. मीही त्याच नव्या भागात पगार घेते.

“गेममध्ये निदान जुनं जग तसंच राहतं,” दादा म्हणाला. “मला अर्डट्री झेपलं नाही, तर मी आपला जुन्या मैदानात घोडा पळवत बसेन. कुणी मला अडवत नाही. बाबांचा मूळ गेमच कुणीतरी काढून टाकला. आणि तुकडे कुठे विखुरलेत, तेही सांगितलं नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा वर्षं त्या गेटमधून आत जाते, पण असा विचार कधी मनात आला नव्हता.

अडलेली सही

डिलाईल रोडचा पूल ओलांडून ना. म. जोशी मार्गावर आलो. इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. त्यांचाही पुनर्विकास चालू आहे. वरळीच्या बीडीडीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ रहिवाशांना चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून थेट टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये, आणि तेही वरळीतच. दादा ते बांधकाम बराच वेळ बघत उभा राहिला. का, ते मला नंतर कळलं.

करी रोडवरून लालबागला पोचलो तेव्हा मसाला गल्लीत शिरल्या शिरल्या ठसका लागला. मार्च म्हणजे मसाल्याचा सीझन. बेडगी, काश्मिरी, संकेश्वरीचे ढीग, डंकांचा धडधडाट, आणि “अहो, जरा जास्त कुटा” म्हणून सूचना देणाऱ्या बायका. मावशीसाठी चिवडा गल्लीतून पोह्यांचा चिवडा घेतला आणि चाळीत वर गेलो.

मावशीने चहा ठेवता ठेवता मलाच साक्षीला घेतलं. “तू तरी सांग याला. बिल्डरचं संमतीपत्र चार महिने देव्हाऱ्याच्या खणात पडलंय. पावती ह्यांच्या नावावर. हे म्हणतात, पोरगा म्हणेल तसं. आणि पोरगा काही म्हणतच नाही.”

मी दादाकडे बघितलं. तो कपबशीकडे बघत होता.

“मला भीती वाटते गं,” तो म्हणाला. “तिथे आई-बाबा नवखे होतील. वॉचमनला विचारून आत जायचं, लिफ्ट, मेंटेनन्स, बंद दारं. या वयात सगळं पहिल्या लेव्हलपासून?”

काका खिडकीत बसून पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. “नवखं व्हायची भीती नाही रे. मी तिशीत नवखा झालो. मार्केटात कुणाचं नाव माहीत नव्हतं, आठवड्यात सगळी पाठ झाली. त्रास त्याचा नव्हता. मला कुणी विचारलं नाही, त्याचा होता. आता विचारतायत, तर आपणही विचारू की काय विचारायचं ते.”

मावशीने चहा गाळला. तो विषय तिथेच राहिला.

दादरचा हिशेब

परळवरून हिंदमाता, तिथून दादर टीटी आणि मग पश्चिमेला. पायांचे तुकडे पडले होते. ‘प्रकाश’मध्ये टेबल मिळाल्यावर मी कागदी रुमालावर तीन प्रश्न लिहिले. एखादं एक्सपान्शन गेम सुधारतं की बिघडवतं, हे मला आता या तीन प्रश्नांवरून ठरवावंसं वाटतं.

एक, माझा हीरो आत नेता येतो का? म्हणजे आधी जे कमावलं त्याला आत काही किंमत आहे का? ‘मास्क’मध्ये होती, ‘झेहिर’मध्ये नव्हती.

दोन, नवा नियम गोष्टीतून आलाय की नुसता छळायला? आणि तो मला नीट सांगितलाय का? भुकेचा मीटर, तळघरातला यंत्रमानव हे गोष्टीतूनच येतात. अर्डट्रीचे तुकडेही. ते पुरेसे ठळकपणे सांगितले नाहीत, हे मात्र दादाचं म्हणणं मला पटलं. कंपनीलाही काही दिवसांत बदल करावा लागला, ते उगाच नाही.

तीन, परत जायची वाट आहे का?

तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील, तर एक्सपान्शन कितीही कठीण असो, कितीही वेगळ्या जातीचं असो, गेम सुधारतोच असं माझं ठाम मत आहे. उलट तेच ते पुन्हा वाढण्यापेक्षा मला ते जास्त आवडतं. कारण ओळखीच्या हीरोला अनोळखी संकटात टाकलं, की तो खरा कसा आहे ते कळतं. पण एखादं उत्तर ‘नाही’ असेल, तर “तुम्हाला खेळताच येत नाही” असं म्हणून चिडणाऱ्यांना गप्प करू नये. हे मी दिवाळीपासून दादाला करत होते.

दादाने रुमाल ओढून घेतला. तिन्ही प्रश्न वाचले, पेन मागितलं आणि खाली लिहायला लागला. मजल्यावरचे शेजारी एकत्रच राहणार का? इमारत होईपर्यंत भाडं किती, आणि ते करारात लिहून देणार का? मेंटेनन्स कोण भरणार? काम अर्धवट राहिलं तर?

“हे काय?”

“उद्या चाळीत मीटिंग आहे. विचारतो.”

तिसऱ्या प्रश्नासमोर, परत जायच्या वाटेसमोर, त्याने काही लिहिलं नाही. चाळ पडली की पडली. म्हणून तर बाकीचे प्रश्न आधी विचारायचे.

बिल दादाने दिलं. अर्डट्रीसाठी नाही, दोनच तुकडे गोळा करून वर मत ठोकल्याबद्दल. सही अजून झालेली नाही. रात्री पावणेबाराला डोंबिवली स्टेशनवर उतरताना मात्र त्याचा मेसेज आला. “तिसरा सापडला.”

तुम्हालाही ही फेरी करायचीय?

कसं जाल: पश्चिम रेल्वेच्या ग्रँट रोडला उतरा. लॅमिंग्टन रोड, खोताची वाडी, फणसवाडी, केशवजी नाईक चाळ हे सगळं चालत. गिरगाव ते आचार्य अत्रे चौक मेट्रो ३. पुढे लोअर परळ, लालबाग, दादर. पाय बोलायला लागले तर लालबागहून बस घ्या, कमीपणा वाटून घेऊ नका!

कधी: शनिवार सकाळ. रविवारी लॅमिंग्टन रोडवरची बरीच दुकानं बंद असतात. मसाला गल्लीसाठी मार्च ते मे. सोबत रुमाल हवाच.

काय खाल: गिरगावात मिसळ, लालबागला चिवडा, दादरला साबुदाणा वडा आणि पियुष.

काय खेळाल: कठीण प्रकार नको असेल तर ‘द विचर ३’चं ‘ब्लड अँड वाइन’ (२०१६). द्राक्षांचे मळे, स्वतःचं घर आणि भरपूर ऊन. घाम गाळायची तयारी असेल तर अर्डट्री… पण आधी तुकडे गोळा करा!